एक संध्याकाळ माईक बंद ठेवून बघू या

प्रति,
नाशिकमधल्या संगीतसभा, नाट्यसंस्था आणि सांस्कृतिक मंडळांचे सर्व पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्यापैकीच एका संस्थेच्या चिटणिसांचा फोन आला. इटालियन ऑपेराची एक संध्याकाळ नाशिकला करायचं कमिटीत चाललंय, मुंबईहून तीन-चार गायक येतील, तर हॉलला टॉप स्पीकर किती, बेस किती आणि कॉलर माईक किती लागतील ते कळवा, असं म्हणाले. मी म्हटलं, एकही नाही. ते हसले. मी गंमत करतोय असं वाटलं असावं. तेवढ्यात पलीकडून त्यांना कुणीतरी हाक मारली आणि बोलणं अर्धवट राहिलं. मी गंमत करत नव्हतो, आणि हा विषय एका संस्थेपुरताही नाही. म्हणून सगळ्यांना मिळून हे खुलं पत्र.

माझा धंदा साउंडचा. गणपतीपासून नाट्यसंगीताच्या मैफलींपर्यंत आणि सप्ताहातल्या कीर्तनापासून लग्नातल्या संगीतापर्यंत माझे बॉक्स गावभर फिरतात. माईक नको असं मीच सांगणं म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय आणणं आहे, हे मलाही कळतं. पण ऑपेराची सगळी गोम तिथेच आहे. कथा काय, कपडे काय, सेट काय, हे सगळं नंतरचं. आधी काय, तर माणसाचा उघडा आवाज, मध्ये तार नाही, डबा नाही. २०२३ च्या डिसेंबरात युनेस्कोने इटलीतल्या ऑपेरा गायनाचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशात केला, तेव्हाही या कलेचं वर्णन असंच केलं: नाट्यगृह, प्रेक्षागार, चर्च अशा जागांमध्ये आवाज दूरवर पोचवणारी गायनपद्धती. ही पोच आपण स्पीकरला दिली तर गायकाकडे उरलं काय?

यामागचं शास्त्र थोडं सांगतो, कारण ते मला फार आवडतं. पुऱ्या ऑपेरात गायकाच्या पुढ्यात साठ-सत्तर वाद्यांचा ताफा असतो आणि त्यांच्या डोक्यावरून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज न्यायचा असतो, तोही दोन-अडीच तास. नुसतं ओरडून हे होत नाही, दहा मिनिटांत घसा बसेल. वाद्यवृंदाचा जोर साधारण पाचशे हर्ट्झच्या आसपास असतो आणि वर जाऊ तसा तो उतरत जातो. योहान सुंडबर्ग या स्वीडिश संशोधकाने १९७० च्या दशकात दाखवून दिलं की तयारीचा गायक घशाची ठेवण अशी काही करतो की त्याच्या आवाजात तीन हजार हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा तयार होतो. नेमकी तिथे वाद्यं लंगडी पडतात आणि माणसाचा कान मात्र त्याच पट्ट्यात जास्त तिखट असतो. आमच्या धंद्यातली पोरं हे ऐकून हसतात, कारण गायकाचा आवाज 'मागे पडतोय' अशी ओरड झाली की आम्ही मिक्सरवर तोच पट्टा उचलून देतो. जे काम आम्ही बटण फिरवून करतो ते हे लोक वर्षानुवर्षं मेहनत करून गळ्यातच करून ठेवतात. बायकांच्या तार स्वरांचं गणित थोडं वेगळं आहे. सोप्रानोचा, म्हणजे सगळ्यात उंच पट्टीच्या गायिकेचा, प्रसिद्ध 'हाय सी' हा स्वर मुळातच हजार हर्ट्झच्या वर असतो. तिथे त्या जबडा उघडून तोंडाची पोकळीच स्वराशी जुळवून घेतात. फोटोत ऑपेरा गायिकेचं तोंड एवढं मोठं उघडलेलं दिसतं ते उगीच नाही.

आता हा आवाज कॉलर माईकमध्ये घाला. वरच्या स्वराला माईक फाटणार. फाटू नये म्हणून मी गेन, म्हणजे माईकची उचल, खाली आणणार, की खालचे स्वर गायब. मग कंप्रेसर लावणार, म्हणजे कुजबुज आणि किंकाळी एका उंचीला येऊन बसणार. वर कुणीतरी मागून निरोप पाठवणार की "थोडा एको वाढवा". झाला ऑपेरा.

चर्नी रोडच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये मी अशी एक संध्याकाळ ऐकली आहे. ही वास्तू १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उघडली. पुढे तिथे सिनेमे लागले, १९९३ मध्ये दारं बंद झाली आणि डागडुजी होऊन २०१६ च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडली, तेव्हा मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ गायल्या. मी गेलो त्या दिवशी वाद्यवृंद नव्हता. एक पियानो, तीन गायक आणि इटालियन ऑपेरातली निवडक गाणी. वरच्या बाल्कनीत बसलो आणि सवयीप्रमाणे आधी स्पीकर शोधले. कमानीत नाहीत, बाजूला नाहीत, स्टेजवर मॉनिटरही नाही. बाई गाता गाता डावीकडून उजवीकडे गेल्या आणि आवाजही त्यांच्याबरोबर चालत गेला. हे वाचायला साधं वाटेल, पण आमच्या कार्यक्रमांत असं कधीच होत नाही. गायक कुठेही जाओ, आवाज दोन्ही बाजूंच्या खांबांतूनच येतो. एका जागी त्यांनी आमच्याकडे पाठ केली, तर आवाजाची धारच बदलली. त्या वळल्या हे मला डोळे मिटूनसुद्धा कळलं असतं. बाकी संध्याकाळ मी स्पीकर विसरून गाणं ऐकलं. एवढी वर्षं या धंद्यात असून हे मला क्वचितच जमतं.

नाशिककराला मात्र हे ऐकायला मुंबई गाठावी लागते. पंचवटी एक्स्प्रेस मुंबईहून परतीला निघते त्याच सुमारास तिकडे ऑपेराची पहिली घंटा व्हायची असते. मग रात्री कल्याणला कुणा नातेवाइकाकडे पाठ टेकायची, नाहीतर भाड्याची गाडी करून मध्यरात्री कसारा घाट चढायचा. हौस असलेल्यांना हेही चालतं, पण हौस लागायला आधी एकदा कानावर तर पडलं पाहिजे.

"आपल्या लोकांना ते झेपणार नाही" असं तुमच्यापैकी काही जण म्हणतील. मला हे पटत नाही, आणि तुम्हालाही पटू नये. गाण्यातून नाटक पुढे नेणं महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. पारशी मंडळींचा 'ऑपेरा' पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांना संगीत नाटकाची कल्पना सुचली, असं आपल्याकडे सांगतातच. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा तिकडे इटलीचा थोर ऑपेराकार व्हर्दी हयात होता आणि त्याच्या हातून अजून दोन मोठे ऑपेरे व्हायचे होते. म्हणजे ही दोन्ही रंगभूमी एकाच काळात गात होत्या. आणि आपली जुनी नटमंडळीही माईकशिवायच गात होती! पायपेटी, सारंगी आणि तबला समोर, मागे पिटातली गर्दी, आणि पद शेवटच्या माणसापर्यंत पोचलंच पाहिजे. नाही पोचलं तर लोक तोंडावर सांगायचे, पोचलं तर वन्समोअर. ती ताकद आपल्याकडून कधी गेली याचा विचार आम्ही साउंडवाल्यांनीही करायला हवा, पण तो या पत्राचा विषय नाही.

आता मुख्य सूचना. कार्यक्रम कुठून सुरू करायचा याचं उत्तर नाशिकमध्येच आहे. आपल्या तात्यासाहेब शिरवाडकरांनी, म्हणजे कुसुमाग्रजांनी, शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' मराठीत आणलं ते 'राजमुकुट' म्हणून, आणि 'ऑथेल्लो'ही आणलं. व्हर्दीने या दोन्ही नाटकांचे ऑपेरे केले: 'मॅकबेथ' १८४७ साली फ्लोरेन्समध्ये आणि 'ऑथेल्लो' १८८७ साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. म्हणजे गंगापूर रोडला राहणारे आमचे तात्यासाहेब आणि इटलीतला तो शेतकरी वृत्तीचा म्हातारा एकाच माणसाच्या दोन नाटकांपाशी बसले होते. मग एवढंच करा. तात्यासाहेबांच्या मराठीतला प्रवेश आधी नटाने वाचायचा, आणि लगेच त्याच प्रवेशाचं व्हर्दीने काय केलं ते गायिकेने गायचं. प्रस्तावना नको, कथासार नको, 'ऑपेरा म्हणजे काय' हे व्याख्यान तर नकोच नको. प्रेक्षकाला प्रसंग ठाऊक असेल, भाषा त्याच्या घरची असेल, आणि मग परक्या भाषेतला आवाज आला तरी तो चाचपडणार नाही.

कोणते प्रवेश? पहिला, मॅकबेथच्या बायकोचा झोपेत चालण्याचा. मध्यरात्र, हातात दिवा, वैद्य आणि दासी आडोशाला उभे, आणि ही बाई नसलेलं रक्त हातावरून पुसतेय. व्हर्दीला या भूमिकेसाठी गोड आवाज नकोच होता. एका नावाजलेल्या गायिकेबद्दल त्याने कळवलं होतं की ती फारच परिपूर्ण गाते, आणि मला तर या बाईने गाऊच नये असं वाटतं. घोगरा, दबलेला, काळोखातला आवाज त्याला हवा होता. आणि हे सगळं झाल्यावर, जाता जाता, तो तिला एक अतिउंच स्वर देतो आणि लिहितो की हा सुताएवढ्या बारीक आवाजात लावायचा. जोरात लावला तर सोपा, पण बारीक लावायचा! असा स्वर भरलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू येतो, तेव्हा तो श्वास धरून बसतो. तोच स्वर माझ्या बॉक्समधून आला तर तो श्वास धरायचं कारणच संपलं, कारण तिथे मी मिक्सरवरचा आवाजाचा फेडर वर करून ठेवलेला असतो.

दुसरा प्रवेश ऑथेल्लोच्या बायकोचा, डेस्डिमोनाचा, शेवटच्या रात्रीचा. दासी केस विंचरतेय आणि ही आईकडच्या एका मोलकरणीचं जुनं गाणं गुणगुणतेय. मध्येच थांबते, बाहेर वाऱ्याने काहीतरी वाजलं म्हणून दचकते, पुन्हा गाते. सगळं हळू. मग दासीला शुभरात्री म्हणते, दासी दाराकडे निघते, आणि तेवढ्यात हिच्या तोंडून त्या दासीच्या, एमिलियाच्या नावाने असा काही टाहो फुटतो की आधीची दहा मिनिटं ती काय दाबून बसली होती ते कळतं. लगेच पुन्हा शांत. त्या दोन ओळींसाठी मी कुठूनही येईन. आणि त्या दोन ओळी कंप्रेसरखाली सगळ्यात आधी मरतात.

तात्यासाहेबांच्या मजकुरासाठी रीतसर परवानगी घ्यावी लागेल, ती आधीच मागा. तारीख फेब्रुवारीतली धरा, पण २७ ची नको. त्या दिवशी मराठी भाषा गौरव दिनाचे कार्यक्रम गल्लोगल्ली असतात आणि निम्मे प्रेक्षक स्वतःच कुठेतरी स्टेजवर असतात. मराठी वाचनासाठी मोठं नाव मुंबईहून आणू नका. राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी उतरणारी आपली मुलं-मुली आहेत. अट एकच, त्यांनीही माईकशिवाय वाचायचं.

मध्यंतरानंतर थोडं हलकं ठेवा. 'रिगोलेतो'मधलं ते बायकांच्या चंचलपणाचं गाणं लोकांनी जाहिरातींत ऐकलेलं असतंच. १८५१ साली व्हेनिसमध्ये ते पहिल्यांदा गायलं गेलं. चाल आधीच गावभर होईल म्हणून व्हर्दीने ती शेवटपर्यंत दडवून ठेवली होती असं सांगतात. रोसिनीच्या 'सेव्हिलचा न्हावी'मधलं फिगारोचं गाणं ठेवा. १८१६ साली रोममध्ये या ऑपेराच्या पहिल्या रात्री लोकांनी हुर्यो उडवली होती, दुसऱ्या रात्रीपासून डोक्यावर घेतलं. आणि पुच्चिनीच्या 'ला बोहेम'मधला अंधारात किल्ली शोधण्याचा प्रसंग. पुरे.

पियानो खराच आणा. मुंबईहून टेम्पोने आणावा लागेल, जागेवर आल्यावर निदान काही तास त्याला हॉलच्या हवेत स्थिर होऊ द्यावं लागेल आणि मग ट्यूनरकडून सुरात लावून घ्यावा लागेल. खर्च आहे. पण कीबोर्ड आणलात की त्याला स्पीकर आला, आणि तो आला की गायकही मागे माईक मागणार. ग्रँड परवडत नसेल तर चांगला उभा पियानो चालेल.

मराठी ओळी मात्र पडद्यावर हव्याच. ऑपेरात वरच्या पट्टीवर भाषांतर दाखवायची रीत १९८३ साली कॅनडात, टोरोंटोला सुरू झाली आणि सुरुवातीला जाणकारांनी नाकं मुरडली होती. आज जगभर चालते. काम दिसतं तेवढं सोपं नाही. बटण दाबणाऱ्याला स्वरलिपी वाचता आली पाहिजे. फिगारोची थट्टा गायकाच्या तोंडून येण्याआधी पडद्यावर आली तर हशा आधीच पिकतो आणि गायक बिचारा बघत राहतो. सराव दोनदा करा. ओळी छोट्या, बोलीतल्या ठेवा. 'हे प्रिये' वगैरे लिहिलंत तर मी स्वतः प्रोजेक्टर बंद करीन.

जागेबद्दल. कालिदास कलामंदिर मोठं, मानाचं, पण या कामासाठी मला ते थोडं जास्तच मोठं वाटतं. पहिल्या वेळी परशुराम साईखेडकर नाट्यगृहासारखी आटोपशीर जागा घ्या. ते ज्याचं आहे त्या, १८४० साली सुरू झालेल्या सार्वजनिक वाचनालयाच्या छपराखाली तात्यासाहेबांचं मराठी वाचलं जाणं हेही शोभून दिसेल. जागा कुठलीही घ्या, आपल्याकडच्या हॉलमध्ये खरा शत्रू अंतर नसतो, एसी असतो. त्याची घरघर सतत चालू असते म्हणून आपल्याला ऐकू येत नाही, पण सुताएवढा स्वर तीच खाऊन टाकते. प्रेक्षक आत येईपर्यंत हॉल गार करून घ्या आणि गाणं सुरू होताना एसी बंद करा. फेब्रुवारीतल्या नाशिकमध्ये तासभर कुणी उकडून मरत नाही. दारांच्या बिजागऱ्यांना तेल, वेफर्सच्या पाकिटांना बंदी, आणि जनरेटर हॉलच्या भिंतीपासून लांब.

कमिटीतलं कुणीतरी द्राक्षमळ्याचं नाव काढणारच. गंगापूर धरणाच्या बाजूला संध्याकाळ, हिरवळ, हातात ग्लास. फोटो फार छान येतील. गाणं वाऱ्यावर जाईल. वेरोनाला उघड्यावर ऑपेरा होतात हे खरं, १९१३ साली व्हर्दीच्या जन्मशताब्दीला तिथे 'आयदा' झाला तेव्हापासूनची परंपरा आहे, पण ते रोमन काळातलं दगडी रिंगण आहे, चढत्या पायऱ्या आवाज अडवून परत देतात. आपल्या हिरवळीला मागे भिंतच नाही. गोदाघाटाला दगड आहे, पण घंटा, आरती आणि पुलावरचे हॉर्नही आहेत. पिंपळपारावर पाडवा पहाट रंगते, कारण तिथे माईक असतो आणि असावाच. प्रत्येक गोष्टीची जागा वेगळी.

आता जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचं मनोगत आणि शेवटी आभार, यात आपले पाऊण-एक तास जातात. गायक तोवर आवाज तापवून विंगेत उभे असतात आणि त्यांचा आवाज थंड होत जातो. त्या संध्याकाळी सत्कार नकोत. माईकच नसेल तर भाषणं आपोआप आखडतील, हाही एक फायदा आहेच. प्रायोजकांचं नाव पडद्यावर दाखवा, आधी आणि मध्यंतरात. पुढच्या दोन रांगा राखीव ठेवून रिकाम्या दिसू देऊ नका, गायकाला त्या खड्ड्यासारख्या दिसतात.

आणि लोकांना गप्प बसण्याचे धडे देऊ नका. ऑपेरा म्हणजे सुटाबुटातली शांतता, हा गैरसमज आहे. ला स्कालाच्या वरच्या गॅलरीतले प्रेक्षक इतके कडवे की २००६ च्या डिसेंबरात 'आयदा' चालू असताना त्यांनी रोबेर्तो अलान्या या मोठ्या टेनरची, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुष गायकाची, हुर्यो उडवली. तो रागाने स्टेज सोडून गेला आणि बदली गायक अंगावरच्या रोजच्या कपड्यांत आत धावला. आपण एवढं करायला नको, पण गाणं आवडलं तर टाळ्या आणि वन्समोअर द्यायला आपल्या माणसांना कुणाची परवानगी लागू नये. गायकांना मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर बिचारे दचकतील.

तिकीट लावा. फुकट पासेस वाटलेत तर अर्धे लोक उशिरा येतील आणि अर्धे लवकर उठतील. गाणं ऐकायला लोकांनी तिकीट काढून यावं, हा आग्रह विष्णु दिगंबर पलुस्करांनी धरला तेव्हा त्यांनाही टोमणे बसले असतील. त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं याच पंचवटीत काढली. विद्यार्थ्यांना स्वस्त तिकीट ठेवा, विशेषतः गाणं शिकणाऱ्या मुलांना. आणि कार्यक्रम साडेसहाला म्हणजे साडेसहाला, कारण सिडको-सातपूरच्या माणसाला नऊनंतर बस शोधत फिरायला लावलं की तो पुन्हा येत नाही.

राहिली शंका, मागे ऐकू येईल का. ती वाद घालून मिटणार नाही, करून बघू. हॉलची एक रिकामी सकाळ घ्या, एसी बंद, पंखे बंद. माझ्या ओळखीचे एक कीर्तनकारबुवा आहेत, ते स्टेजच्या मधोमध उभे राहून एक अभंग म्हणतील, आधी मोकळ्या आवाजात आणि मग अगदी हळू. तुम्ही कमिटीची माणसं शेवटच्या रांगेत, कोपऱ्यांत आणि बाल्कनीखाली बसा. तिथेच सगळ्यात आधी बोंब होते. एक लक्षात ठेवा, भरलेला हॉल रिकाम्यापेक्षा जास्त आवाज पितो, म्हणून रिकाम्यात 'जेमतेम' ऐकू आलं तर ती जागा बाद. 'स्वच्छ' ऐकू आलं तरच पुढे जाऊ. चाचणीचे पैसे मी घेणार नाही. फक्त कोणती सकाळ ते आठ-दहा दिवस आधी कळवा, बुवांच्या तारखा फार लवकर भरतात.

आपला,
पंचवटीतला एक साउंडवाला